माझी चार गिऱ्हाइकं

माझ्या ब्लॉगला चार वाचक होते आणि चौघंही मीच होते. आज हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा मात्र मी ते काम अशा काही गांभीर्याने करत होते, की कुणी हसलं असतं तर मी त्याच्याशी महिनाभर अबोला धरला असता.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. मी सत्तावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला काही हरकत नव्हती. हे जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, सूनही तिथेच नोकरीला. रत्नागिरीत वरच्या आळीतल्या घरात मी एकटी. उन्हाळ्यात आंबापोळी, फणसपोळी घालायची, कोकमाचं आगळ काढायचं, कुळीथ दळून आणायचे आणि सगळं एका ओळखीच्या दुकानात नेऊन ठेवायचं, असा माझा क्रम होता. खरं तर दिवस ढकलायची ती एक युक्ती होती. पण विचारणाऱ्याला मी ‘माझा धंदा आहे’ असं सांगायची आणि सांगताना मान जरा वर करायची. ती मान आठवली की अजून त्या बाईला एक चिमटा काढावासा वाटतो.

त्या वर्षी पाडव्याला मुलगा आला. गुढी उतरवून झाली, आम्ही पडवीत बसलो होतो.

“आई, आता इथलं आवर. घर भाड्याने देऊ. तू पुण्याला चल.”

“आणि माझा धंदा?”

“चार बरण्या नि दोन डबे. त्याला काय धंदा म्हणतात?”

“मग कशाला म्हणतात?”

“गावाबाहेर गिऱ्हाईक असलं तर धंदा. तुझी गिऱ्हाइकं सगळी हाकेवरची. उद्या तू आजारी पडलीस तर तीच तुला पेज करून आणतील.”

हे खरं होतं म्हणून मला राग आला. म्हटलं, “गणपतीपर्यंत थांब. तोवर बाहेरगावी गिऱ्हाइकं मिळवून दाखवली तर पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाहीस.”

“आणि नाही मिळाली तर?”

“तर विसर्जन झालं की तुझ्या गाडीत बसेन.”

मुलगा माझाच. दुसऱ्या फेरीत त्याने स्वतःचा जुना कॉम्प्युटर आणून माजघरात मांडला, टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट जोडून घेतलं, ब्लॉग उघडून दिला आणि दोन दिवस माझी शिकवणी घेतली. वस्तू विकायची नाही, गोष्ट सांगायची. आठवड्याला निदान एक लेख टाकायचा. बरोबर फोटो. लोक खाली प्रतिक्रिया लिहितील, त्यांना प्रेमाने उत्तरं द्यायची. खाली चार जणांनी लिहिलेलं दिसलं की पाचव्याला भरवसा वाटतो. हे शेवटचं वाक्य मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून भिंतीला चिकटवलं.

पहिला लेख मी ‘सप्रेम नमस्कार’ने सुरू केला आणि ‘घरातील लहानांस आशीर्वाद’ देऊन संपवला. मुलाचा फोन आला.

“अगं, हे पत्र नव्हे.”

“मग मी कुणाला लिहितेय?”

“सगळ्यांना.”

सगळ्यांना लिहायचं म्हणजे समोर कुणीच न धरता लिहायचं. ते मला जमेना. तरी लिहिलं. ताटाला तुपाचं बोट लावून रस कसा पसरायचा, एक थर सुकल्यावर दुसरा कसा द्यायचा, कावळ्यांना कसं हाकलायचं. दुपारी भांडी आवरली आणि लाइट असली की मी कॉम्प्युटरपुढे बसायची. तेव्हा भारनियमन असं होतं की दिवसाचे कितीतरी तास वीज गडप. ती आली की मी धावत जाऊन ब्लॉग उघडायची आणि खाली पाहायची. प्रत्येक लेखाखाली शून्य. शून्य प्रतिक्रिया, असं ते यंत्र अक्षरांत लिहून दाखवायचं. कुणी आलं नाही तर गप्प बसावं ना, पण नाही.

अख्खा वैशाख असा गेला. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून विचारायच्या, “काय गो, त्या खोक्यात कोणाची वाट बघतेस?”

“गिऱ्हाइकांची.”

“ती रस्त्यानं येतात. खोक्यातून कुठली यायला.”

एका दुपारी भिंतीवरच्या त्या लग्नपत्रिकेकडे बघताना मला सुचलं, की पाचव्याला भरवसा वाटायला आधीचे चार लागतात, पण ते चार कोण असावेत याबद्दल मुलगा काही बोललेला नाही.

अर्ध्या तासात सोलापूरच्या एक काकू तयार झाल्या. त्यांनी लिहिलं, “पोळी मिळाली, घरात सर्वांना आवडली.” मी त्यांना उत्तर दिलं, “आपले मनापासून आभार.” मग जरा मागे सरून ते दोन्ही वाचलं. शून्याच्या जागी दोन आकडा आला होता. त्या दोघीही मीच होते हे ठाऊक असून मला इतकं बरं वाटलं, की मी उठून स्वतःसाठी चहा केला आणि बरोबर फणसपोळीचा तुकडा घेतला.

दुसऱ्या दिवशी इंदूरचे एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांना साखर जास्त वाटली. सगळेच गोड बोलायला लागले तर संशय येईल, एवढी अक्कल मला होती. सोलापूरच्या काकूंनी त्यांना ठणकावलं, तुम्हाला मधुमेह असेल, त्यात पोळीचा काय दोष. मग ठाण्याच्या एक मास्तरीणबाई त्या दोघांच्या मध्ये पडल्या. नावं काय दिली होती ते सांगत नाही, बायकांची माझ्या शाळेतल्या मैत्रिणींची होती. चौघांचा पासवर्ड मात्र एकच, ह्यांचं नाव. उभ्या जन्मात मी ते नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. आता दिवसातून चार वेळा टाइप करत होते आणि प्रत्येक वेळी दार उघडत होतं.

चौथी आली ती नागपूरची वहिनी.

तिच्यात माझा जीव जडला. काकू, मास्तरीणबाई, निवृत्त गृहस्थ ही सगळी कामापुरती माणसं होती. येत, दोन ओळी लिहीत, जात. नागपूरची वहिनी मात्र ऐसपैस लिहायची. तिचा नवरा मी जिवंत ठेवला होता. तो ओल्या हातांनी डब्यातली पोळी काढून खायचा आणि विचारलं की म्हणायचा, मुंग्या लागल्या असतील. ती चिडायची. डबा वरच्या फळीवर ठेवायची, तर तो स्टूल घ्यायचा. मी तिला लिहायची, “वहिनी, डबा लपवू नका, त्यांना खाऊ द्या.” ती लिहायची, “तुम्हाला बोलायला काय जातं.”

मुलगा पुण्याहून वाचत होताच. फोनवर म्हणाला, “बराच गोतावळा जमला की गं.”

“आहेत हो लोक चांगले,” मी म्हटलं. वर आणखी सांगितलं की पार्सलं रोज जातात.

पार्सलं कुठे जातात हे शेजारच्या काकूंना ठाऊक होतं. सोलापूर, इंदूर, ठाणे, नागपूर अशी सगळी मागणी त्यांच्याच घरी पोचत होती.

“यंदा वानवळा फार देतेस गो. काय नवस फेडतेस?”

“जास्त झाली, काकू.”

“मग कमी घालायची.”

पावसाच्या तोंडावर मी एक लेख लिहिला. आमच्याकडे पावसाआधी काय काय बेगमी करतात त्याचा. पहिल्याच दिवशी खाली नागपूरच्या वहिनींनी लिहिलं, “आमचंही सगळं उरकलं. लाकडं भरली, फणसाच्या आठळ्या मातीत घालून ठेवल्या, पडवीला झावळ्यांची झापं बांधली. ह्यांना शिडीवर चढू दिलं नाही, तर फुगून बसलेत.” मला तो मजकूर फार आवडला. दोनदा वाचला. त्यात काही चुकलंय हे माझ्या गावीही नव्हतं. मी जन्मात नागपूर पाहिलं नव्हतं. माझ्या लेखी जगात कुठेही पाऊस यायचा तर आमच्यासारखाच, खाडीवरून, आडवा, पडवीत घुसणारा. नागपूरकरांनी झापं बांधली नाहीत तर बिचारे भिजतील, असंच मला वाटलं असतं.

आठ दिवसांनी दुपारी वीज आली. ब्लॉग उघडला, तर वहिनींच्या त्या मजकुराखाली कुणीतरी लिहिलं होतं. मी नव्हे.

आधी मला भीती वाटली. आपल्या घरात आपण कुलूप काढून शिरावं आणि आत कुणी पाट मांडून बसलेलं असावं, तसं झालं. मग वाचलं.

“ताई, मी नागपूरला चाळीस वर्षं राहते. माहेर कोकणात, पूर्णगडचं. इथे आठळ्या मातीत घालणारं माणूस मला आजवर भेटलं नाही. झापं तर मी लग्नानंतर पाहिलीच नाहीत, इथे मिळतात तरी कुठे? तुम्ही नक्की आमच्याच बाजूच्या. माझे यजमानही ओल्या हातांनीच पोळी खायचे. ते जाऊन दीड वर्ष झालं. भाच्याने कॉम्प्युटर दिलाय, त्यावर गावाकडचं काहीबाही शोधून वाचत असते. तुम्ही कुठे राहता? कळवलंत तर संध्याकाळी येऊन जाईन.”

आणि खाली, माझ्यासाठी वेगळी ओळ: “रत्नागिरीच्या ताईंना विनंती, मला दोन किलो आंबापोळी पाठवावी.” पुढे पत्ता.

गणपतीला अजून दोन-अडीच महिने होते. ज्याच्यावर माझं घर अडलं होतं ते बाहेरगावचं खरंखुरं गिऱ्हाईक आलं होतं, आणि ते माझ्याकडे आलंच नव्हतं. ते वहिनींकडे आलं होतं.

शहाण्या बाईने काय केलं असतं ते आता कळतं. त्या बाईने वहिनींकरवी लिहवलं, “आम्ही हल्ली फारसे कुठे जात-येत नाही.”

लगेच उत्तर. “तुम्ही कशाला येताय, मी येईन. माझे गुडघे धड आहेत. यजमानांना काय आवडतं सांगा, करून आणते.”

मी दोन दिवस कॉम्प्युटरकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींना मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी पाठवून दिलं. नवऱ्यासकट. सोपं गेलं, विमानात कुणाला बसवायला मला काहीच पडत नव्हतं. वाटलं, सुटले.

संध्याकाळी खाली नवीन ओळ आली. “मुलीला आशीर्वाद सांगा. परत कधी येणार ते कळवा. मी वाट बघेन.”

मी ती ओळ वाचली आणि कॉम्प्युटर बंद केला. बाहेर पाऊस होता. वाट बघणं म्हणजे काय असतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दुपारी वीज येते तेव्हा बाईमाणूस हातातलं भांडं टाकून कसं धावतं, ते मी माजघरात रोज करत होते. आता नागपुरात आणखी एक बाई माझ्यामुळे तेच करणार होती, आणि तिला जी हवी होती ती जगात कुठेच नव्हती.

ब्लॉगवर खरं लिहावं तर मुलगा वाचणार. गाडीत बसायची तयारी करावी लागणार. मी धीट नव्हते. मी दोन किलो पोळी वजन करून घेतली, वर आणखी थोडी ठेवली, डबा फडक्यात शिवला आणि आत पत्र घातलं. पत्र ‘सप्रेम नमस्कार’नेच सुरू केलं. यावेळी समोर कोण आहे ते ठाऊक होतं. लिहिलं, वहिनी कुणी नाहीत. आठळ्या माझ्या, झापं माझी, नवरा माझा होता तो. तुम्ही मला नागपूरचा पाऊस कसा असतो ते विचारलं असतं तर मी तिथेच पकडली गेले असते. पोळीबद्दल मात्र काही खोटं लिहिलेलं नाही. मला क्षमा करावी.

पोस्टात डबा दिला आणि घरी येईपर्यंत चार वेळा वाटलं, मागे जाऊन परत घ्यावा.

श्रावणात तिचं पत्र आलं. अंतर्देशीय, अर्धं कोरं. “पोळी पोचली. चव माहेरची आहे. वहिनींबद्दल समजलं. वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण वाटलं. दोन दिवस कुणाशी बोलले नाही, तसं घरात बोलायला कुणी नसतंच. आपली प्रकृती जपावी.” खाली सही. मी उत्तराला दोनदा बसले आणि दोनदा उठले. काय लिहायचं होतं, आभार?

गणपतीला मुलगा आणि सून आली. सुनेला दिवस राहिले होते, ते घरी आल्यावर सांगायचं म्हणून त्यांनी फोनवर सांगितलं नव्हतं. मी तिला नवव्या महिन्यापर्यंतची सगळी पथ्यं एका दमात सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी मोदक वळायला बसलो होतो. मुलगा उंबऱ्यात बसून खोबरं खात होता.

“आई, एक विचारू? ही तुझी सोलापूर, इंदूर, ठाणे, नागपूरची मंडळी. चारही गावांत वीज आपल्याच वेळेला कशी गं येते?”

मी मोदकाची कळी काढत राहिले. चांगली बावीस-तेवीस पाकळ्यांची झाली असेल ती, एरवी माझ्या हातून कधी झाली नाही.

“कधी कळलं?”

“पहिल्याच आठवड्यात.”

“मग बोलला का नाहीस?”

“लिहीत होतीस ना तू. म्हटलं, बरी असेल.”

सून खाली मान घालून हसत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं. म्हणजे ती दोघं पुण्यात जेवताना माझ्या वहिनींबद्दल बोलत असणार.

“एक खरं आहे,” मी म्हटलं. “नागपूरचं. ती दुसरी बाई. दोन किलो गेली तिच्याकडे. पत्र आहे, दाखवू?”

“नको गं. विश्वास आहे.”

“एकच आहे पण. ‘गिऱ्हाइकं’ असं ठरलं होतं आपलं.”

मी वाट बघत होते. तो म्हणेल, एकाने काय होतं, ते काही नाही, बॅग भर. त्यावर काय बोलायचं ते माझं ठरलेलं होतं. भांडायचं, रडायचं आणि मग हळूहळू कबूल व्हायचं, असंसुद्धा मनात कुठेतरी असेल. असणारच.

तो म्हणाला, “जाऊ दे. राहा तू इथे. तुझं मन इथे आहे तर कशाला ओढून न्यायचं.” आणि खोबऱ्याचा आणखी एक तुकडा उचलत म्हणाला, “तसंही आता हिची आई येऊन राहणार आहे. दोन खोल्यांत अडचणच झाली असती.”

“हो, खरंच,” मी म्हटलं. “मी तेच म्हणत होते.”

अशी मी जिंकले. घर राहिलं. पाडव्यापासून गणपतीपर्यंत मी ज्यासाठी एवढं कुभांड रचलं, ते माझ्या हातात त्याने मोदकासारखं ठेवलं, आणि मला ते धरता येईना. पुण्याला जायचं नव्हतं, हे तर खरंच. पण कुणीतरी ये म्हणत राहावं, एवढं हवं होतं मला. सत्तावन्न वर्षांच्या बाईला हे वेळेवर कळू नये, म्हणजे कमाल आहे.

विसर्जनानंतर दुसऱ्या सकाळी ती दोघं निघाली. काकूंनी कुंपणावरून विचारलं, “गेली का गो पोरं? तू नाही गेलीस ती?”

“माझा धंदा आहे ना इथे.”

“हां,” काकू म्हणाल्या. त्यांनी यावर काही टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दुपारी वीज आली. मी ब्लॉग उघडला आणि एकेकाला काढायला सुरुवात केली. सोलापूरच्या काकू गेल्या, इंदूरचे गृहस्थ गेले, ठाण्याच्या मास्तरीणबाई गेल्या. प्रत्येक ओळ पुसताना ते यंत्र विचारत होतं, कायमचं काढून टाकायचं का? मी हो म्हणत होते. वहिनींच्या वेळी हात थांबला. त्या काही मला त्रास देत नव्हत्या. पण त्या तिथे असेपर्यंत पूर्णगडची ती बाई त्यांच्याकडे बघून लिहीत होती असंच दिसलं असतं, म्हणून त्यांनाही काढलं. ओल्या हातांनी पोळी खाणारे त्यांचे यजमान, स्टूल, शिडी, माझी उत्तरं, त्या बाईने वहिनींना नंतर लिहिलेल्या ओळी, सगळं गेलं. तास-दीड तास लागला.

मग पान पाहिलं तर लेखाखाली तिचा पहिला मजकूर तेवढा उरला होता. वरचं सगळं पुसल्यामुळे तो आता मला विचारल्यासारखा दिसत होता. तुम्ही कुठे राहता? कळवलंत तर संध्याकाळी येऊन जाईन.

त्याखाली मी माझ्या नावाने लिहिलं, “मी रत्नागिरीला राहते. वरच्या आळीत. एकटीच असते, केव्हाही या.” आणि वीज जायच्या आत ते पाठवून दिलं.